सीमेन्स-अल्स्टॉमचं लग्न मोडलं, ते बरंच झालं

'चीनने दोन सरकारी कंपन्या एक करून सीआरआरसी हा राक्षस उभा केला. युरोपात सीमेन्स आणि अल्स्टॉम तेच करायला निघाल्या, तर ब्रसेल्सच्या बाबूंनी ग्राहकहिताचं तुणतुणं वाजवत मोडता घातला. मोठं व्हायचंच नाही म्हटल्यावर चीन गिळणारच.' हा मजकूर फिरत फिरत पुन्हा माझ्याकडे आला. पहिलं वाक्य खरं आहे. सीएनआर आणि सीएसआर या रेल्वेगाड्या बनवणाऱ्या दोन चिनी कंपन्या मिळून २०१५मध्ये सीआरआरसी झाली. (सीमेन्स जर्मन, अल्स्टॉम फ्रेंच; रेल्वेगाड्या आणि सिग्नल यंत्रणा दोघीही बनवतात, आणि हे रेल्वे व्यवसायच एक व्हायचे होते.) पुढच्याचा समाचार घेऊ.

बाबूंचं तुणतुणं? मोठ्या विलीनीकरणांना परवानगी देणाऱ्या, ब्रसेल्समधल्या युरोपीय आयोगाने ६ फेब्रुवारी २०१९ रोजी परवानगी नाकारली, पण आधी ओरड केली ती गिऱ्हाइकांनी, प्रतिस्पर्ध्यांनी आणि कामगार संघटनांनी. ब्रिटन, स्पेन, नेदरलँड्स, बेल्जियम इथल्या स्पर्धा-नियामकांनीही लेखी नापसंती कळवली होती. आणि आयोग ऊठसूट नाही म्हणतो असंही नाही. त्याआधीच्या दहा वर्षांत ३,०००हून जास्त विलीनीकरणं मंजूर झाली, अडली फक्त नऊ.

खरी गोम सिग्नलिंगमध्ये, म्हणजे गाड्यांना कधी थांबायचं, किती वेगाने जायचं ते सांगणाऱ्या यंत्रणेत होती, आणि फॉरवर्डमध्ये नेमका हाच शब्द नाही. लोकांच्या डोळ्यांसमोर चकचकीत गाडी असते. पण गाडी आणि सिग्नल या दोन वेगळ्या खरेद्या. (पुण्याच्या हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोतही गाड्या अल्स्टॉमच्या, सिग्नल यंत्रणा सीमेन्सची.) युरोपात देशागणिक यंत्रणा निराळी. पॅरिसहून ब्रसेल्समार्गे कोलोन आणि अॅमस्टरडॅमला जाणाऱ्या थॅलिस गाडीत तर सात प्रकारच्या नियंत्रण यंत्रणा बसवाव्या लागत. हे जंजाळ मोडून सगळ्या खंडात ईटीसीएस ही एकच सामाईक नियंत्रण यंत्रणा आणायचं काम कित्येक वर्षं चाललंय. ते महाग पडलं तर सीमा ओलांडणाऱ्या रेल्वेचं घोडं तिथेच अडणार. अशा वेळी या बाजारातले दोन बडे विक्रेते एक होऊ पाहत होते, आणि काही उपकरणांत तर त्यांना तोलामोलाचा प्रतिस्पर्धीच उरला नसता.

'पण चीन येतोय ना!' सिग्नलिंगच्या एकाही युरोपीय निविदेत तोवर चिनी कंपनी उतरलेली नव्हती. ताशी ३०० किलोमीटरच्या गाड्यांत ती नजीकच्या काळात युरोपात टक्कर देईल, असंही आयोगाला दिसलं नाही. सीआरआरसीचा आकार मुख्यतः घरच्या ऑर्डरींवर पोसलेला आहे.

बरं, तोडगा म्हणून कंपन्यांनी काय देऊ केलं? अतिवेगवान गाड्यांतली स्पर्धा टिकावी म्हणून दुसऱ्याला विकायला अल्स्टॉमची पेंडोलिनो गाडी, जी मुळात त्या वेगाने धावतच नाही! नाहीतर सीमेन्सच्या वेलारो नोवो या अतिवेगवान गाडीचं तंत्रज्ञान वापरायचा परवाना, तोही अटींनी जखडलेला.

स्पर्धेने काय होतं ते स्पेनमध्ये बघा. २०२१मध्ये माद्रिद-बार्सिलोना मार्गावर फ्रान्सची विगो ही रेल्वे कंपनी आली, पुढच्या वर्षी इर्यो ही दुसरी. स्पेनच्या सरकारी रेल्वे कंपनीला, रेन्फेला, आव्लो ही स्वस्त सेवा काढावी लागली आणि तिकिटं उतरली. विगोच्या गाड्या अल्स्टॉमच्या, इर्योच्या जपानी हिताची आणि कॅनडाच्या बॉम्बार्डियरने बनवलेल्या. नव्या रेल्वे कंपनीला चार दुकानं फिरून भाव करता आला पाहिजे; ती दुकानंच एकाच मालकाची झाली तर कसली घासाघीस?

मोठं व्हायला मनाई होती, हेही खोटं. अल्स्टॉमने बॉम्बार्डियरचा रेल्वे व्यवसाय घ्यायचं ठरवलं तेव्हा याच आयोगाने जुलै २०२०मध्ये काही भाग विकण्याच्या अटीवर होकार दिला. अल्स्टॉम मोठी झाली, आणि सोबत बॉम्बार्डियरची रखडलेली, तोट्यातली कामंही गळ्यात पडली. ऑक्टोबर २०२३मध्ये रोखीची चणचण जाहीर होताच शेअर एका दिवसात एक तृतीयांशाहून जास्त कोसळला.

चीनची भीती अगदीच पोकळ आहे असं मात्र मी म्हणणार नाही. बल्गेरियाच्या २० इलेक्ट्रिक गाड्यांच्या निविदेत सीआरआरसीच्या उपकंपनीने स्पेनच्या टाल्गो या गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या जवळपास निम्मा भाव टाकला होता. आयोगाने परदेशी अनुदानांबाबतच्या नव्या नियमाखाली फेब्रुवारी २०२४मध्ये चौकशी सुरू केली आणि पुढच्याच महिन्यात चिनी कंपनीने माघार घेतली. त्यासाठी सीमेन्सला अल्स्टॉमशी बोहल्यावर चढावं लागलं नाही.