जीपीएस असलं तरी धावपट्टी चुकते

"छोट्या विमानांत आता जीपीएस असतं, त्यामुळे वाट किंवा धावपट्टी चुकणं शक्यच नाही. उतरताना अपघात झाला म्हणजे इंजिन बिघडलं. आणि सेस्ना काय, कुठेही कशीही उतरते. शिवाय उतरायची परवानगी देणारा टॉवर असतोच." असा मजकूर सगळीकडे फिरतोय. यातलं पहिलं वाक्य सर्वांत घातक.

जीपीएस विमानतळापर्यंत आणून सोडतं. स्वच्छ हवेत शेवटचे दोन-तीन मैल वैमानिक बाहेर बघूनच उडवतो आणि चूक तिथे होते. 13 फेब्रुवारी 2017 ला कॅलिफोर्नियातल्या जॉन वेन विमानतळावर अभिनेते हॅरिसन फोर्ड यांना '20 लेफ्ट' धावपट्टी दिली होती (20 म्हणजे होकायंत्रावरची दिशा, अंशांना दहाने भागून; लेफ्ट म्हणजे जोडीतली डावी). ते आपलं छोटं हस्की विमान घेऊन शेजारच्या टॅक्सीवेवर (विमानांनी धावपट्टीपर्यंत जायचा रस्ता) उतरले, तेही तिथे थांबलेल्या प्रवासी बोइंग 737 च्या डोक्यावरून. टॅक्सीवे समांतर असला की हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा) दोन्हीकडे सारखंच दिसतं. फरक रंगात असतो: धावपट्टीवरचे आकडे आणि मधली रेघ पांढरी, टॅक्सीवेची रेघ पिवळी, रात्री टॅक्सीवेच्या कडेचे दिवे निळे.

मुंबईतलं उदाहरण मोठ्या विमानाचं आणि जीपीएसच्या आधीचं आहे, पण नकाशा आजही तोच. 24 सप्टेंबर 1972 ला जपान एअरलाइन्सचं डीसी-8 सांताक्रूझऐवजी जुहूला उतरलं आणि आखूड धावपट्टी संपून पुढे गेलं. सुदैवाने कोणी दगावलं नाही. जुहूची धावपट्टी 08, सांताक्रूझची 09. समुद्राकडून येताना जुहू आधी लागतं आणि दिशेत फरक जेमतेम दहा अंशांचा. घाईत कोणाला कळणार?

आता इंजिन. ते बंद पडलं म्हणजे बिघडलंच असं नाही; टाकी रिकामी झाली तरी ते बंदच पडतं. वाट चुकली की टाकी अशीच रिकामी होते. जुन्या पद्धतीचा दिशादर्शक जायरो (फिरत्या चाकावर चालणारं दिशा दाखवणारं यंत्र) हळूहळू सरकतो, म्हणून दर 10-15 मिनिटांनी, विमान सरळ आणि समतल असताना, तो होकायंत्राशी जुळवून घ्यावा लागतो. तो 10 अंश चुकला आणि वैमानिक त्याच्याच भरवशावर राहिला, तर 110 नॉटने (ताशी 110 नॉटिकल मैल) अर्ध्या तासात विमान वाटेपासून 9 नॉटिकल मैलांहून जास्त लांब जातं. मग शोधाशोध, त्यात इंधन संपणं, आणि शेवटी शेतात उतरणं.

'कशीही उतरते' हे तर हिशेबातच बसत नाही. सेस्ना 172एसला समुद्रसपाटीला, 20 अंश तापमानात, वारा नसताना, 50 फूट उंचीपासून थांबेपर्यंत सुमारे 1,350 फूट लागतात. तेही कोरडी पक्की धावपट्टी, पूर्ण फ्लॅप (पंखांमागच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या) आणि 61 नॉट वेग सांभाळला तर. पाठीमागून वारा असेल तर दर 2 नॉटला 10 टक्के अंतर वाढवा, असं तिची पुस्तिकाच सांगते. म्हणजे 27 ऐवजी त्याच धावपट्टीच्या उलट टोकाकडून, 09 वर, 10 नॉट वारा पाठीवर घेऊन उतरलात, तर 2,000 फुटांच्या वर. वारा समोरून असता तर जमिनीवरचा वेग 51 नॉट असता, आता तो 71 नॉट, म्हणजे ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ दुप्पट.

राहिला टॉवर. फोर्ड यांनी परवानगी रेडिओवर बरोबर म्हणून दाखवली होती, त्यामुळे ऐकणाऱ्याला शंका यायचं कारण नव्हतं. आणि प्रशिक्षणाच्या कितीतरी धावपट्ट्यांवर टॉवरच नसतो. तिथे 500 फूट उंचीपर्यंत आकडा नीट वाचता आला नाही तर पूर्ण थ्रॉटल (इंजिनाची पूर्ण ताकद), फ्लॅप 20 अंशांवर, वेग 60 नॉट, आणि पुन्हा फेरी.