फीबी उलटा फिरतो, पण नियम मोडत नाही

शनीच्या फीबी या उपग्रहाबद्दल एक दावा पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. फीबी शनीभोवती उलट्या दिशेने फिरतो, निसर्गात असं होत नाही, म्हणून तो कुणीतरी आणून ठेवलेला पोकळ गोळा आहे. तो लवकरच शनीवर आदळणार. आयापेटस या उपग्रहाची एकच बाजू काळी आहे, तेही कुणाचं तरी काम. आणि हे सगळं दडवलं जातंय. यातली निरीक्षणं खरी आहेत. त्यांवर उभा केलेला निष्कर्ष मात्र एकही टिकत नाही.

आधी दिशेचं बघू. आडवा वेग पुरेसा असला की कक्षा टिकते, तो वेग कोणत्या बाजूला आहे याच्याशी गुरुत्वाकर्षणाला देणंघेणं नाही. शनीचे आतले मोठे उपग्रह त्याच्याच दिशेने फिरतात, कारण ते शनीभोवती फिरणाऱ्या वायू आणि धुळीच्या तबकडीत घडले. फीबी तिथला नाही. तो बाहेरून आला आणि शनीच्या ओढीत अडकला. असे पाहुणे दोन्ही दिशांनी येतात, आणि ग्रहापासून फार दूर उलटी कक्षाच अधिक स्थिर ठरते, कारण सूर्याची ओढ तिला कमी विस्कटते. मार्च २०२५ मध्ये शनीच्या १२८ नव्या उपग्रहांना मान्यता मिळाली आणि एकूण संख्या २७४ झाली. त्यातले बहुतेक उलटेच फिरतात. मग एकट्या फीबीवर संशय का?

आदळण्याची भीती बहुधा नेपच्यूनच्या ट्रायटनवरून आली असावी. तोही उलटा फिरतो आणि खरोखरच अतिशय हळू आत सरकतोय. पण ट्रायटन नेपच्यूनपासून साडेतीन लाख किलोमीटरवर आहे, तर फीबी शनीपासून सुमारे १ कोटी ३० लाख किलोमीटरवर. एका फेरीला त्याला दीड वर्ष लागतं. ट्रायटनला आत सरकवतं ते भरती-ओहोटीचं बळ, म्हणजे जवळच्या आणि लांबच्या बाजूंवरच्या ओढीतला फरक. अंतर वाढलं की त्याचा परिणाम झपाट्याने घटतो. फीबीच्या बाबतीत तो नगण्य आहे.

पोकळपणाचं उत्तर मोजून मिळालेलं आहे. ११ जून २००४ रोजी शनीकडे निघालेलं कॅसिनी यान फीबीपासून २,०६८ किलोमीटरवरून गेलं. यानाचा मार्ग किती वळला त्यावरून वस्तुमान कळलं, छायाचित्रांवरून आकारमान. सरासरी व्यास सुमारे २१३ किलोमीटर, घनता पाण्याच्या १.६ पट. बर्फ आणि खडक मिसळले की साधारण एवढीच घनता येते. पृष्ठभागावर पाण्याचा आणि कार्बन डायऑक्साइडचा बर्फ सापडला, आणि विवरांच्या उतारांवर काळ्या थराखालचा उजळ बर्फ चक्क दिसतो.

दडवण्याबद्दल फार बोलायला नको. १८९८ साली पेरूतल्या अरेकिपा इथे घेतलेल्या छायाचित्रांच्या काचांवरून खगोलशास्त्रज्ञ विल्यम पिकरिंग यांनी १८९९ मध्ये फीबी शोधला. कॅसिनीची छायाचित्रं आणि मोजमापं आज कुणालाही उतरवून घेता येतात.

राहिला आयापेटस, आणि हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. १६७१ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जिओव्हानी कॅसिनी यांना तो शनीच्या पश्चिमेला दिसायचा, पूर्वेला गेला की नाहीसा व्हायचा. त्याची एक बाजू काळी असणार, हे त्यांनी तेव्हाच ताडलं. कारणाचा माग लागायला मात्र शतकं गेली. २००९ मध्ये स्पिट्झर अवकाश दुर्बिणीला अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्रकाशात फीबीच्या कक्षेभोवती धुळीचं एक अफाट, विरळ कडं सापडलं. ते मुख्य कड्यांना २७ अंशांनी कललेलं आहे. फीबीवर आघात होऊन उडालेली ही धूळ सूर्यप्रकाशाच्या परिणामाने आत सरकते. ती उलटी फिरते, आयापेटस सरळ फिरतो, आणि त्याचं एकच तोंड सतत पुढे असतं. त्यामुळे धूळ त्याच बाजूवर समोरून आदळते. काळी पडलेली बाजू जास्त तापते, तिथला बर्फ उडून थंड, उजळ बाजूवर जमतो आणि फरक आणखी वाढतो. ज्या उलट्या दिशेला हा दावा अशक्य ठरवतो, तीच दिशा आयापेटसच्या काळ्या बाजूचं कारण सांगते.