ऋण सोडणे आणि डॅनीचे 6,000

रविवारची उपासना सुटली की पाऊण तासात आमचा कट्टा भरतो. कट्टा म्हणजे चर्चच्या फाटकासमोर येश्याच्या पंक्चरच्या दुकानाबाहेरचा दगडी ओटा, ट्रकची दोन जुनी टायरं आणि शेजारी अस्लमभाईची चहाची गाडी. शहराचं नाव अहिल्यानगर झालं, पण कट्टा अजून नगरलाच आहे. येश्या (कागदोपत्री येशूदास) चर्चमध्ये तबला वाजवतो. डग्गा बगलेत धरून तो थेट इकडे येतो, कोपऱ्यात नीट टेकवतो आणि मग पांढरा शर्ट काढून ग्रीसचा घालतो.

विषय अर्थात आप्पांचा. येश्याच्या चर्चमधले आप्पा 14 वर्षं सख्ख्या भावाशी बोलत नव्हते, आणि आता स्वतःहून त्याच्या दारात जाऊन बोलले. आठवडाभर दुसरं बोललंय कोण?

"मी तर तेव्हाच म्हणालो होतो, हा पवित्र आत्म्याचा स्पर्श!" डॅनी म्हणाला. डॅनी तेव्हा तिथे नव्हता. वर्षभरापासून तो बायपासच्या एका हॉलमधल्या नव्या फेलोशिपला जातो. तिथे एसी आहे, ड्रमसेट आहे, आणि दर रविवारी कुणी ना कुणी उठून साक्ष देतं, म्हणजे देवाने आपलं काय भलं केलं ते सगळ्यांना सांगतं. डॅनीने आत्तापर्यंत तीन दिल्या आहेत. एक नोकरीची, एक मुतखड्याची आणि एक भर दिवाळीत कापड बाजारात गाडीला जागा मिळाल्याची. गाडीच्या मागच्या काचेवर 'येशू माझा मेंढपाळ', आणि त्याखाली फायनान्स कंपनीचं स्टिकर.

"कसला स्पर्श?" फौजी म्हणाला. विलास 18 वर्षं लष्करात होता, तेव्हापासून त्याचा कशावरच विश्वास नाही, हवामान खात्यावर तर मुळीच नाही. "हायवेत जमीन चाललीय त्यांची. मोबदल्याला दोघा भावांच्या सह्या लागतात. पैशाने भल्याभल्यांना भाऊ आठवतो."

मला हे पटलं होतं. खोटं कशाला बोलू.

येश्या ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. मान वर न करता म्हणाला, "सह्या एप्रिलमध्येच झाल्या. तहसीलला एकाच बाकड्यावर बसले होते दोघं, मध्ये वकील. पैसेही आले ज्याच्या त्याच्या खात्यात. तरी बोलले नाहीत. आता बोलले, तर मिळालं काय? उलट विहिरीवरची मोटर हातची गेली आप्पांची. सहा दिवसांतले तीन दिवस पाणी भावाला गेलं."

फौजी गप्प. फौजी गप्प होणं म्हणजे नगरला जूनच्या आधी पाऊस.

"म्हणजे स्पर्शच!" डॅनीने टाळी वाजवली.

"तुझा स्पर्श ठेव बाजूला," येश्या म्हणाला. "आमच्याकडे महिन्यातून एकदा प्रभुभोजन, भाकर आणि द्राक्षारसाचा पेला. ज्याचं कुणाशी वाकडं आहे त्याने आधी जाऊन मिटवावं आणि मग वेदीपाशी यावं, हे डोंगरावरच्या प्रवचनातच सांगून ठेवलंय. अर्पण तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर. आता आप्पा माणूस हट्टी, पण खोटा नाही. भाकर मोडायची वेळ आली की उठायचे, बाहेर येऊन चपला घालायचे आणि त्या चिंचेखाली उभे राहायचे. 14 वर्षं. दर महिन्याला एकदा. धर हिशेब."

"168," अस्लमभाई गाळणं झटकत म्हणाला. त्याचा हिशेब नेहमी तयार असतो.

"168 वेळा मंडळीसमोर उठून चपला घालायच्या. पोरंबाळं बघतायत, सुना बघतायत. आणि 169 व्या वेळी माणूस भावाच्या दारात गेला तर तुम्ही म्हणता आत्म्याचा स्पर्श झाला. अरे, कातडं झिजलं त्याचं!"

यावर डॅनी जे बोलला ते मी लिहीत नाही, कारण त्यात वाक्य नव्हतं. नुसतं "आमेन" आणि हिंदीतलं एक कडवं होतं.

इथे गाडी घसरली ती गाण्यावर. येश्याचं हे जुनं दुखणं. डॅनीच्या हॉलमध्ये तबला चालत नाही, 'जुनाट वाटतो' असं तिथल्या पोरांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं. नारायण वामन टिळकांच्या गावात! टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा चर्चमध्ये इंग्रजी चालीत मराठी शब्द कोंबून म्हणायची पद्धत होती. माणसाला आपल्या देवाशी बोलताना परक्याच्या नाकातून सूर काढावा लागत होता. टिळकांनी ओवी आणली, अभंग आणला, टाळ आणला. आज 'उपासना संगीत' हे चर्चचं गाण्यांचं पुस्तक उघडा, पानोपानी टिळक. हे सगळं येश्या दर दोन महिन्यांनी सांगतो आणि आम्ही दर दोन महिन्यांनी ऐकतो. पण त्या दिवशी पुढे जे म्हणाला ते पहिल्यांदाच.

"माझी दारू कशी सुटली माहितीय?"

"प्रार्थनेने," डॅनी.

"तबल्याने. शनिवारी संध्याकाळी सातला चर्चमध्ये गाण्यांची तालीम असते. पेटीवाले गुरुजी म्हातारे, त्यांना नाही म्हणता येईना. आणि मी पीत कधी होतो? शनिवारीच. सात ते नऊ तालीम, नऊला दारूचं दुकान बंद, आणि रविवारी सकाळी बोटं नीट पडायला हवीत. हात कापला तर अख्ख्या मंडळीला कळतं. देवाने मला बोलावलं वगैरे काही नाही बाबा. देवाने माझा शनिवार घेतला."

"हे तर आमच्या माळेसारखंच झालं," फौजी म्हणाला. त्याचे वडील पक्के वारकरी. "तात्यांनी तुळशीची माळ घातली आणि मटण सुटलं, तमाशा सुटला. आई म्हणायची, पांडुरंगाने सोडवलं. तात्या म्हणायचे, पांडुरंग कसला, माळ गळ्यात दिसते ना लोकांना! खानावळीत शिरलो तर मालकच हाकलेल."

"मग? तेच तर म्हणतोय मी," येश्या म्हणाला. "माळ काय, तबला काय. आतून बदलायची वाट बघत बसलास तर म्हातारा होशील."

फौजीचा मूड आता चांगला होता, म्हणून तो ऐझॉलला गेला. म्हणजे बोलण्यात. तिथे त्याचं पोस्टिंग होतं आणि कुठल्याही वादात दहाव्या मिनिटाला तो ऐझॉलला जातो. पण या वेळी संबंध होता. मिझोरममध्ये पहिले मिशनरी पोचले 1894 साली, आणि आज बहुतेक सगळे मिझो ख्रिस्ती. रविवारी गावभर दुकानं बंद. "पण मला काय आवडलं सांगू? तिथली बाई भाताला तांदूळ घेते ना, त्यातला एक मूठभर काढून वेगळ्या डब्यात टाकते. दर वेळी. डबा भरला की चर्चला. शंभर वर्षांच्या वर झाली म्हणे, अशीच मूठ मूठ चाललीय. घरमालकीण रोज भात टाकायची, मी बघायचो. रविवारची भक्ती रोज चुलीपाशी."

"आणि ती बिनमाणसाची दुकानं सांग!" डॅनी सरसावून बसला. ही गोष्ट त्याच्या साक्षीसाठी उपयोगी होती.

"हां, सेलिंगच्या रस्त्याला. भाजी, फळं मांडलेली, भाव लिहिलेला, पैशाला डबा. माणूस शेतावर. घ्या, पैसे टाका, जा."

"बघा! हा ख्रिस्त!"

"मी पण तसंच म्हणालो तिथल्या म्हाताऱ्याला. तो म्हणाला, साहेब, दुसऱ्यासाठी झिजायचं हे आमच्या बापजाद्यांपासूनचं आहे, मिशनरी यायच्या आधीचं. चर्चने ते मोडलं नाही, एवढंच."

हे मला सगळ्यात जास्त आवडलं, पण डॅनीच्या चेहऱ्यावरून त्याला आवडलेलं दिसलं नाही. त्याने मोबाइल काढला.

मी म्हटलं, येश्या, दारू आणि तांदूळ ठीक आहे, पण मोठं काय बदललं? मी स्वतः हिंदू, तरी चर्चच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गात, तीन नाताळ काढलेत (केकसाठी. लपवायचं कारण नाही). प्रभूची प्रार्थना मला अजून तोंडपाठ आहे.

येश्याने ट्यूब बाहेर काढली, भोकावर माचिसची काडी टोचून खूण केली. "मोठं म्हणजे काय? आमच्या पणजोबाला गावात वरून पाणी ओतायचे. ओंजळ करून प्यायचं, आणि शिंतोडे उडाले तर मार. तो इथे चर्चला आला. तेव्हा प्रभुभोजनाला पेला एकच. त्याच्या पुढे बसला होता एक बाटलेला बामण. बामण प्यायला, फडक्याने कड पुसली, आणि त्याच कडेला पणजोबाचे ओठ. तो दिवस त्याने मरेपर्यंत सांगितला. प्रवचन कशावर होतं, विचार, काही आठवत नव्हतं त्याला. पेल्याची कड आठवत होती, पितळेची होती, गार लागली."

कुणी काही बोललं नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी स्वतःचं सोवळं कसं सुटलं ते लिहून ठेवलंय, ते मला आठवलं. त्या बाजूने सुटायला किती ओढाताण झाली ते छापून आलंय. या बाजूचा हा पेला तेवढा पंक्चरच्या दुकानात राहिला.

"आणि आता?" फौजी सोडणाऱ्यातला नाही. "आता तुमच्यात सोयरीक जमवताना विचारतात ना, मूळचे कोण?"

"विचारतात," येश्या म्हणाला. "माझ्या बहिणीच्या वेळी विचारलं. उपासनेत पेला एक, आणि लग्नात ताटं वेगळी. कोरोनापासून तर पेलाही गेला, औषधाच्या झाकणाएवढ्या वाट्या आल्यात. तू टोचतोयस ते बरोबर जागी टोचतोयस, पण ट्यूब माझी आहे, फौजी. जरा हळू."

"1999 ला तू मला धावचीत केलंस तेव्हा हळू होतास?"

झालं. भिस्तबाग मैदान, शेवटची ओव्हर, येश्याने 'हो' म्हटलं की 'नो' म्हटलं. यावर पंधरा मिनिटं गेली. ती वाचकांना देण्यात अर्थ नाही. 'नो'च म्हटलं होतं. मी नॉन-स्ट्रायकरनंतरचा बॅट्समन होतो, पॅड बांधून बसलो होतो, मला स्पष्ट ऐकू आलं होतं.

तेवढ्यात डॅनी उठला, किल्ली फिरवत. मी म्हटलं, बाबा, चाललास तर ते 6,000 चं बघ. गेल्या गणपतीत टायरसाठी घेतलेस. येश्याचेच टायर, पैसे मात्र माझे.

डॅनी खाली बसला. डोळे मिटले. आणि गंभीर आवाजात, अगदी हॉलमधल्यासारखं, "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "तुला पाठ आहे म्हणालास ना? मग? ऋण म्हणजे ऋण. स्वच्छ मराठी आहे."

मी अवाक. कारण शब्द खरंच तोच आहे. पाळकसाहेबांनी एकदा सांगितलं होतं की येशू बोलायचा त्या अरामी भाषेत पाप आणि कर्ज एकाच शब्दात बसतं, आणि मत्तयाने लिहिताना कर्जच धरून ठेवलं. आपल्या मराठी भाषांतरानेही ते सोडलं नाही. तेव्हा मला वाटलं होतं, काय सुंदर! 6,000 रुपये अडकलेले नव्हते तेव्हा.

येश्याने ट्यूबवर सोल्यूशन लावलं, फुंकर मारली आणि म्हणाला, "वाक्य पुन्हा वाच, दानिएल. 'जसे आम्ही सोडले आहे.' सोडले आहे, झालेलं आहे ते. आधी तू सोडलंयस असं देवाला सांगतोयस तू. कुणाचं सोडलंस, नाव सांग."

डॅनी विचारात.

"आणि त्याच मत्तयात अठराव्या अध्यायात एक चाकर आहे. राजाने त्याचे 10,000 तालंत सोडले, म्हणजे जन्मात न फिटणारं कर्ज. बाहेर आला आणि 100 दिनारांसाठी दुसऱ्या चाकराचा गळा धरला. दिनार म्हणजे त्या वेळची एका दिवसाची मजुरी. म्हणजे तीन-सव्वातीन महिन्यांची हजेरी, अगदीच चिल्लर नव्हती ती. म्हणून तर सोडायला जड. तुझे कुणाकडे आहेत?"

डॅनीने बोट हळूच फौजीकडे केलं. "याच्याकडे पेट्रोलचे 250. शिर्डीला गेलो होतो तेव्हाचे."

"ते मी दिले!" फौजी ओरडला. "तुला नाही, येश्याला दिले, तुला द्यायला."

सगळे येश्याकडे बघायला लागले.

येश्या ट्यूब दाबून धरत म्हणाला, "ते मी अस्लमभाईला दिले. उधारी होती."

"कुणाची?"

"डॅनीची."

अस्लमभाईच्या गाडीचा स्टो विझला इतका तो हसला. फौजी टायरवरून मागे पडला. डॅनीने लगेच घोषणा केली की मग तो कुणाचंच लागत नाही, वर्तुळ पूर्ण झालंय, आणि यावर येत्या रविवारी साक्ष देणार. मी म्हटलं, माझे 6,000 कुठल्या वर्तुळात आहेत? त्यावर येश्या म्हणाला, तू चिंचेखाली उभा राहा, 14 वर्षं.

अस्लमभाईने डोळे पुसले, स्टो पुन्हा पेटवला आणि वही उघडली. "10 कटिंग, 2 क्रीमरोल. 140 झाले." डॅनीने तोंड उघडलं तसा तो म्हणाला, "मी प्रार्थनेला येत नाही, डॅनीभाई. मला ते वाक्य पाठ नाही."