ओम्नीला म्हणे ८०० चे टायर लावा!

‘जुन्या व्हॅनवाल्यांनो, टायरवर पैसे उडवू नका’ असा एक लांबलचक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी तो सोडून दिला होता. पण परवा भांडुपहून मेव्हण्याचा फोन. “दाजी, ओम्नीला मारुती ८०० चे टायर टाकतोय. स्वस्त पडतात, आणि गाडीपण मऊ चालते म्हणे.” हा गृहस्थ त्या मारुती ओम्नी व्हॅनमधून केटरिंगचं सामान नेतो. पातेली, शेगड्या, तांदळाची पोती, वर दोन पोरं. म्हटलं, आता गप्प बसून चालणार नाही.

मेसेजमधला पहिला मुद्दा असा: ‘ओम्नी बंद झाली, तिचे टायर मिळत नाहीत. मारुती ८०० चे टायरही १४५ आणि १२ इंचीच आहेत. बिनधास्त लावा. ॲव्हरेजही वाढतं.’

ओम्नी २०१९ ला बंद झाली, बरोबर. पण ८०० तर तिच्याही आधी, २०१४ ला बंद झाली! टायर मिळत नाहीत म्हणून त्याहून आधी बंद पडलेल्या गाडीचे टायर शोधायचे, हे ज्याला सुचलं त्याला नमस्कार. ओम्नीचं माप १४५ आर १२ एलटी: १४५ मिलिमीटर रुंदी, १२ इंची रिम, आणि एलटी म्हणजे लाइट ट्रक, ओझ्याच्या गाड्यांचा टायर. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, ह्याच मापावर धावतो, आणि मुंबईत कुठल्याही मंडईबाहेर सकाळी तेच उभे असतात. मग हे टायर मिळत नाहीत कसे?

आता खरी गोम. टायरच्या बाजूवर मापाच्या पुढे एक आकडा असतो, तो कोणी वाचत नाही. एक टायर किती वजन पेलू शकतो ते त्या आकड्यावरून कळतं. ८०० च्या १४५/७० आर १२ टायरवर ६९ असतो, म्हणजे ३२५ किलो. ओम्नीच्या ६ प्लायच्या (प्लाय म्हणजे टायरच्या मजबुतीचं माप) एलटी टायरवर साधारण ८० असतो, म्हणजे ४५० किलो. ८ प्लायवर ८६, म्हणजे ५३०. आता हिशेब करा. ८०० चे चार टायर मिळून १३०० किलो. रिकामी ओम्नीच आठशेच्या आसपास, त्यात सीएनजीची टाकी. उरलं काय? आणि सामान चारही चाकांवर सारखं वाटून बसत नाही, ते मागे कोंबलेलं असतं. मागच्या दोन टायरांची ऐपत मिळून ६५० किलो, आणि तेवढ्यात गाडीचं मागचं वजनही आलं. असा टायर लगेच फुटेल असं नाही. तो तापत राहतो, आतून खिळखिळा होतो, आणि एक दिवस घाटात दगा देतो.

ॲव्हरेजचं तर हसू येतं. ८०० चा टायर उंचीला जवळपास ३५ मिलिमीटर कमी. चाक लहान झालं की तेवढ्याच अंतरात ते जास्त फेरे मारतं, आणि मीटर फेरेच मोजतो. १०० किलोमीटर गेलात तर मीटर जवळपास १०७ दाखवणार. वाढला तो मीटरचा आकडा. पेट्रोल वाचलेलं नाही.

गाडी मऊ चालते, हे मात्र मान्य करावं लागेल. ८ प्लायचे टायर आणि रिकामी गाडी असली की एलबीएस रोडचा एकेक खड्डा थेट मणक्यात जातो. फक्त माणसंच नेत असाल तर ६ प्लाय घ्या. त्याच्या खाली उतरू नका.

पुढचा मुद्दा: ‘पावसाळ्यात हवा कमी ठेवा, ग्रिप वाढते.’ हे रेतीत किंवा चिखलात जीप रुतते तेव्हाचं शहाणपण. भिजलेल्या डांबरावर गणित उलटं आहे. नासाच्या हॉर्न आणि ड्रेहर यांनी १९६३ मध्येच हे मांडून ठेवलंय: पाणी साचलेल्या रस्त्यावर टायर कुठल्या वेगाला पाण्यावर तरंगायला लागतो, हे मुख्यतः हवेच्या दाबावर ठरतं. त्यांच्या सूत्राने ३० पीएसआय दाबाला हा वेग ताशी ९१ किलोमीटरच्या आसपास येतो आणि २० पीएसआयला ७५ च्या आत. अभ्यास विमानाच्या टायरांचा होता, त्यामुळे आपल्या गाडीला आकडे तंतोतंत लागू होणार नाहीत. पण दिशा तीच. हवा कमी केलीत तर टायर लवकर तरंगणार, आणि तरंगलेल्या टायरला ना ब्रेक लागतो ना स्टेअरिंग. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर जुलैत रात्री ७५ ने जाणाऱ्या व्हॅन रोज दिसतात. हवा किती भरायची ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. टायर थंड असताना तेवढी भरा.

‘टायरवरचे चार आकडे म्हणजे तयार झाल्याची तारीख, त्यानंतर चार वर्षांत टायर एक्सपायर.’ यातलं पहिलं अर्ध खरं. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चार वर्षांचं कलम मात्र मनाचं. मिशेलिन कंपनी सांगते, पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहाव्या वर्षी नक्षी शाबूत असली तरी बदला. तोपर्यंत भेगा बघा.

‘कुर्ल्याच्या सीएसटी रोडला नव्यासारखे सेकंडहँड मिळतात.’ मिळतात की, काळं पॉलिश मारून! गोटा झालेल्या टायरला गरम पात्याने नक्षी कोरलेलेही निघतात. खाचेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा असतो, १.६ मिलिमीटरचा. चारचाकीला नियमाने नक्षी त्याच्या खाली जाऊन चालत नाही. कोरलेल्या टायरात तो उंचवटा बहुतेक गायबच असतो. दिसला नाही तर दुकानाबाहेर पडा.

साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरा, असंही मेसेज म्हणतो. त्याबद्दल काय बोलायचं? साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

शेवटचं: ‘दोनच नवे घेतले तर पुढे लावा.’ नाही, मागे लावा. ओम्नीचं इंजिन मागची चाकं फिरवतं आणि गाडी रिकामी असली की मागे हलकी असते, ओल्या रस्त्यावर आधी शेपूटच घसरते. टायरवाला सवयीने पुढे लावायला निघेल. जॅक लावायच्या आधीच त्याला सांगा.