नागपूर-मुंबई ६८० किलोमीटर, मंग दीड-पावणेदोन तास काहून? (कमेंटला उत्तर)

भाऊ, तुमची कमेंट पूर्ण वाचली. तुम्ही म्हणता नागपूर-मुंबई हवाई अंतर ६८० किलोमीटर, विमान ताशी ८०० नं जाते, म्हणजे पन्नास मिनिटांत मुंबई, अन् मी माझ्या लेखात दीड-पावणेदोन तास लिहून लोकाईची दिशाभूल करतो. अंतर तुमचं बरोबर आहे, नागपूरचं सोनेगाव विमानतळ ते मुंबईचं सांताक्रूझ विमानतळ सरळ रेघ ओढली तं तेवढंच भरते. पण ८०० चा वेग पूर्ण रस्ताभर कुठं मिळते?

तिकिटावरचा टाइम विमान जागेवरून हललं तिथपासून मोजतात, अन् मुंबईत जागेवर जाऊन थांबलं तिथपर्यंत. रनवेपर्यंत जाणं, तिथं नंबर लागायची वाट पाहणं, उतरल्यावर टर्मिनलपर्यंत येणं, सगळं त्यातच आलं. वर गेल्यावरही दहा हजार फुटांच्या खाली २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी ४६० च्या आसपास, पूर्ण उंची गाठायला वीसेक मिनिटं जातात अन् मुंबई दीड-दोनशे किलोमीटर दूर असतानाच विमान खाली यायला लागते, मंग फुल स्पीडनं जायला जेमतेम निम्मा रस्ता उरते.

त्यात मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात, दोन्ही एकाच वेळी सुटे वापरता येत नाहीत, गर्दी असली की विमान बाहेरच घिरट्या घालत राहते. कंपन्या हे सगळं धरूनच टाइम छापतात. हिवाळ्यात वरचं वारं पश्चिमेकडून असते, म्हणून जाताना थोडं जास्त लागते, येताना कमी.

अमरावतीचं पाहा ना. तिथल्या बेलोरा विमानतळाहून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं विमान सुरू झालं, आपल्या सगळ्यांसाठी लय मोठी गोष्ट होती ती. तिथून हवाई अंतर ५४० च्या आसपास, नागपूरपेक्षा चांगलं १४० नं कमी, तरी टाइम पावणेदोन तासांच्या आसपासच, कारण ते एटीआर-७२ आहे, पंख्याचं विमान, ताशी ५०० च्या आसपास जाणारं. अंतर कमी असलं म्हणजे टाइम कमीच लागते असं नाही.

मी हे एवढं लावून धरतो कारण दारव्हा-दिग्रसकडचे लोक पेशंटला घेऊन पहिल्यांदा विमानात बसतात ते परळच्या टाटा हॉस्पिटलची तारीख गाठायला. त्यायले आधी नागपूर गाठायलाच तीन-चार तास, विमानतळावरचं चेक-इन काउंटर उडायच्या तासभर आधी बंद होते, मुंबईत उतरल्यावर सामान अन् मंग ट्रॅफिक. दुपारी बाराची अपॉइंटमेंट असन अन् कोणी पन्नास मिनिटं धरून साडेदहाचं विमान पकडलं तं ते हुकलंच समजा, अन् पुढची तारीख कधी मिळन कोणाले माहीत. म्हणून लेखातला दीड-पावणेदोन तासांचा आकडा मी तसाच ठेवतो, अन् अपॉइंटमेंट सकाळची असन तं आदल्या दिवशीच निघा हेही त्याच्या खाली आज जोडून देतो.