सेट करून देऊ?

"साहेब, सेट करून देऊ ना?" पंचवटीतल्या सलूनवाल्यानं विचारलं. मी "फक्त वाढलेली टोकं" म्हणेपर्यंत मशीन जबड्यावरून फिरलं होतं. जाब विचारला तर म्हणतो, "सेटच तर केलीय." वर दाढीपेक्षा 50 रुपये जास्त. कशाचे? "लाइन मारलीय ना, त्याचे."

बाकावर निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार नंबर लावून बसले होते. पेपर ठेवून उठले, दोन बोटांनी माझी हनुवटी उचलली आणि घड बघावा तशी न्याहाळली.

"विरळणी जास्त झाली," निकाल दिला आणि सलूनवाल्याकडं वळले. "सेटिंग अशी असती का रे? ऑक्टोबर छाटणी झाली की दीडेक महिन्यानं फुलोरा. मग मणी धरतो, ती सेटिंग. फुलोऱ्यात पाऊस लागला की गळ नाहीतर कूज. मणी तीन-चार मिलिमीटर झाला की जीएचं डिपिंग, म्हणजे मणी फुगायला जिब्रेलिक ॲसिडच्या पाण्यात घड बुडवायचा..."

"काका, ही दाढी आहे."

"तेच म्हणतोय. बिनपावसाची गळ झाली तुमची."

सलूनवाला मन लावून ऐकत होता. माझं तो एक वाक्य ऐकत नव्हता.

ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाच्या 1989च्या आवृत्तीत 'सेट' या एका इंग्रजी क्रियापदाचे 430 वर अर्थ आहेत. सूर्य सेट झाला की बुडतो, दही सेट झालं की लागतं. कोर्टात निकाल सेट असाइड झाला की रद्द. भूतकाळातही रूप तेच, त्यामुळं काम झालंय की व्हायचंय, हे कळायचं नाही. कारागिराला आणखी काय हवं? क्लिपरची एक नंबरची कंगवी 3 मिलिमीटर ठेवते, दोन नंबरची 6. हे त्याला पाठ असतं, पण 'सेट' म्हटलं की मापाचं बंधन संपलं.

सिमेंटला तरी नियम आहे. साध्या पोर्टलँड सिमेंटचं प्राथमिक सेटिंग 30 मिनिटांच्या आत सुरू होता कामा नये, अंतिम 600 मिनिटांत व्हायला हवं, असं भारतीय मानक सांगतं. म्हणून माल थोडाथोडा कालवून लगेच वापरायचा. आमच्या सोसायटीतला मिस्त्री माल कालवून चहाला जायचा, तासानं येऊन घमेल्यात पुन्हा पाणी ओतायचा. माल मऊ होतो, ताकद जाते. हटकलं तर म्हणायचा, "सेट होतंय, काळजी नको." जिन्यातलं ते प्लास्टर बोटानं वाजवलं तरी पोकळ बोलतं, आणि त्याचं बिल मात्र कमिटीनं त्याच आठवड्यात सेटल केलं.