खुलासा: ‘१२० मायक्रॉनची पिशवी चालते’ हा संदेश महाराष्ट्राला लागू नाही

‘१२० मायक्रॉनपेक्षा जाड प्लास्टिक पिशवीला आता सरकारची परवानगी आहे, दुकानदारांनी ती बिनधास्त द्यावी’ असा संदेश व्यापाऱ्यांच्या व सोसायट्यांच्या गटांत फिरत आहे. तो अर्धवट आहे आणि त्यामुळे दुकानदाराला नाहक दंड भरावा लागू शकतो.

१२० मायक्रॉनची अट केंद्राच्या नियमांतली असून ती ३१ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे, हे खरे. मात्र महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सामान नेण्याच्या प्लास्टिक पिशव्यांवर, त्यांना धरायचा बंद (हँडल) असो वा नसो आणि जाडी कितीही असो, बंदी घातली आहे. केंद्राने किमान मर्यादा ठरवली म्हणून राज्याची अधिक कडक बंदी आपोआप उठत नाही. अधिसूचना आणि केंद्राचे नियम शेजारी ठेवून वाचले की हा फरक लगेच ध्यानात येतो. दुधाच्या पिशव्या, औषधांची वेष्टने अशा सवलती वेगळ्या आहेत. त्यांचा आधार घेऊन भाजी बांधून देता येत नाही. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड आहे, आणि भाजीच्या गाडीवर बसणाऱ्या बाईंची त्यात कित्येक दिवसांची कमाई जाते. म्हणूनच हा संदेश मला निरुपद्रवी वाटत नाही.

तो कृपया पुढे पाठवू नये. ज्या गटात पाठवला असेल तिथे हा खुलासाही टाकावा. दुकानदारांनी अनामत घेऊन कापडी पिशवी द्यावी, ती परत आणल्यावर पैसे परत करावेत, आणि ग्राहकांनी घरातली पिशवी सोबत न्यावी.